सहा नंबरची पोच

नेलिदा कोचाचिनने सहा नंबरच्या कार्डावरचं झाकण उघडलं आणि तोंडातली कोकाची पानं चघळायचीच विसरली.

समोर एक पिवळी वायर होती. वीतभर लांब, सुतळीएवढी जाड. तिचं एक टोक कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या भोकात आणि दुसरं टोक त्याच कार्डाच्या आत येणाऱ्या भोकात. मधोमध कागदाचं चिटोरं चिकटवलेलं आणि त्यावर तिचं स्वतःचं अक्षर: चाचणी, ने. को., १४ मार्च.

आणि आज तारीख होती एक फेब्रुवारी.

असा धक्का बसला की माणूस आधी दुसऱ्या कुणाचा दोष सापडतो का बघतो. नेलिदानेही बघितलं. पण कोन्दोरपुन्ताच्या खिंडीत, जिथे ओझी वाहणारी लामा जनावरंसुद्धा धापा टाकतात, तिथल्या या केबिनची किल्ली एकाच माणसाच्या गळ्यात असते, आणि तो गळा तिचा होता. चिटोऱ्यावरचा 'को' तिच्याच पद्धतीचा, शेपूट वर वळवलेला. दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

ही केबिन काय करते ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. किनाऱ्यावरच्या कचेरीतून निघालेला उजेड काचेच्या केसाएवढ्या तंतूतून डोंगर चढत येतो. येता येता तो दमतो, पसरतो, त्यात गाळ मिसळतो. वाटेत त्याला नुसता जोर देणारी यंत्रं आहेत, पण ती उजेडाबरोबर गाळालाही जोर देतात. म्हणून खिंडीत ही केबिन बांधली. इथलं कार्ड आलेला उजेड वाचतं. ही लुकलुक आहे की नाही, एवढंच ठरवतं. मग तो जुना उजेड टाकून देतं आणि कोरा करकरीत नवा उजेड पेटवून पलीकडे याकुपाम्पा गावाला पाठवतं. गावाकडून आलेल्या उजेडाचंही तसंच करून किनाऱ्याला पाठवतं. एकाच तंतूतून कितीतरी रंग जातात आणि प्रत्येक रंगाला आपलं वेगळं कार्ड. सहावा रंग कुणाच्या फोनचा नाही, सिनेमाचा नाही, बँकेचा नाही. सहावा रंग फक्त सायरनचा.

कार्ड बिघडलंय की पुढची लाइन, ते बघायचं असेल तर गावाकडचे तंतू काढून ठेवायचे आणि आखूड वायरीने कार्डाचं तोंड त्याच्याच कानाला जोडायचं. किनाऱ्याचा उजेड येतो, नवा होतो आणि वळून किनाऱ्यालाच परत जातो. स्वच्छ परत आला तर कार्ड धडधाकट. मग वायर काढायची, गावाचे तंतू पुन्हा जोडायचे आणि घरी जायचं. या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

नेलिदा वायर काढायला विसरली होती.

आणि विसरू नये म्हणून तिची एक रीत होती, हे त्यातलं आणखी वाईट. वायर लावली की ती मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधायची आणि वायर काढली की तोडायची. गेल्या मार्चमध्ये नेमकं कार्निव्हल नुकतंच संपलं होतं, आणि तिच्या कोमाद्रेने, म्हणजे जिच्या मुलीची ती धर्ममाता होती त्या सेनाइदाने, दृष्ट लागू नये म्हणून त्याच मनगटाला लाल धागा बांधला होता. चौदा तारखेला गारांचं वादळ आलं, खाली जीप बंद पडली, आणि घाईघाईत घरी जाताना नेलिदाने मनगटाकडे बघितलं ते सेनाइदाचा धागा म्हणूनच. दोन धागे आहेत हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मे महिन्यात ते झिजून कधी पडले, कुणास ठाऊक. आणि दिवा हिरवा असला की कार्डाचं झाकण कोण उघडतंय; आज नुसतं पुसायला म्हणून उघडलं.

ती बॅटरीच्या पेटीवर बसली.

याकुपाम्पाच्या डोक्यावर सुल्काकोचा नावाचं तळं आहे. हिमनदीचं पाणी मातीच्या बांधाने अडवलेलं. नेलिदा नऊ वर्षांची असताना तो बांध एकदा फुटला. आई नदीवर धुणं धूत होती. तिची टोपी सापडली, तीसुद्धा तीन गावं खाली. बाकी काही नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी सरकारला जाग आली आणि गावात सायरन बसला. त्यातही शहाणपणा बघा: तळं गावाच्या उशाशी, पण तळ्यावरची यंत्रं बोलणार किनाऱ्यावरच्या कचेरीशी, तिथला साहेब ठरवणार, आणि मग हुकूम खिंडीवरून उलटा गावात येणार. डोक्यामागून हात फिरवून घास तोंडात घालायचा. पण चालत होतं. बांध फुटला तर पाणी गावात यायला सतरा मिनिटं लागतात, आणि सतरा मिनिटांत खालच्या आळीतली म्हातारी बाईसुद्धा दफनभूमीच्या टेकडीवर चढते. सायरन वाजला तर.

सायरन अकरा महिने बहिरा होता.

पण मग एकदम नेलिदाच्या डोक्यात दुसराच विचार शिरला आणि ती ताडकन उठली. सायरन तर वाजत होता. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता कचेरी चाचणीचा हुकूम सोडते, सायरन दहा सेकंद वाजतो, आणि गावातली पेटी तोच हुकूम जसाच्या तसा पोच म्हणून परत पाठवते. गावात त्याला कोंबडा म्हणतात. एक तारखेला कोंबडा आरवला की शाळा सुटते, चौकात पानं वाढली जातात, आणि सगळं गाव एकत्र जेवतं. जूनमध्ये ती स्वतः तिथे होती, हातात सूपाची वाटी होती, आणि तिने तो आपल्या कानांनी ऐकला होता.

मग हुकूम पोचला कसा? भुताने नेला?

तिने भिंतीवरचा कामाचा फोन उचलून कचेरी लावली. इंजिनिअर लारेआ लाइनवर आले. ती त्यांना गेली सात वर्षं ओळखत होती, पण एकदाही भेटलेली नव्हती. बिनमहत्त्वाचं काहीतरी विचारल्यासारखं करून तिने सहा नंबरची चौकशी केली.

"सहा नंबर?" लारेआ खुशीत आले. "नेलिदाबाई, सहा नंबरच्या पाया पडावं. अकरा महिन्यांत एक चूक नाही. बाकीचे रंग रोज कुरकुर करतात, पण सहा नंबर म्हणजे आरसा. नवीन लोक आले की मी त्यांना तोच दाखवतो आणि तुमचं नाव सांगतो."

आरसाच होता तो. कचेरी आपलंच बोलणं ऐकत होती आणि वा वा म्हणत होती. पोच म्हणून जे परत येत होतं तो कचेरीचाच हुकूम होता. अर्ध्या वाटेवरून, तिच्या वायरीतून वळलेला. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण साहेब तिचं कौतुक करत होते, आणि तेवढ्यात त्यांना दुसरीकडून कुणीतरी हाक मारली. तिने बरं बरं म्हणून फोन ठेवला.

मग तिने मोबाइल काढला आणि वडिलांना लावला. सायरनचा राखणदार म्हणजे तिचे वडील, दोन सेवेरो; हे 'दोन' आकड्याचं नाही, मानाचं, आपल्या 'राव'सारखं. वय एकाहत्तर. नगरपालिकेच्या माळ्यावरच्या खोलीत सायरनची पेटी होती, आणि बायको पाण्यात गेलेल्या माणसाइतका जागता राखणदार दुसरा मिळायचा नाही म्हणून गावाने ती जागा त्यांना दिली होती. खोलीत एक बटणही होतं. अडीअडचणीला, लाइन तुटली तर हाताने वाजवायला. महिन्यातून एकदा म्हाताऱ्याने कचेरीला फोन करून 'वाजला' म्हणायचं, एवढंच काम.

"पापा, कोंबडा नीट आरवतोय ना?"

"आरवतो की. आज एक तारीख. ऐकशील बारा वाजता."

"त्याला आरवायला कोण लावतं?"

तिला खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकू आला, मग दार लावल्याचा.

"हे बघ," म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "एप्रिलमध्ये बारा वाजून गेले आणि तो वाजला नाही. मी पाच मिनिटं थांबलो. खाली लोक पानं घेऊन वर बघायला लागले. नगराध्यक्षांची बायको म्हणाली, दोन सेवेरो, तुमच्या लेकीची लाइन झोपली वाटतं. मग मी दाबलं बटण. काय करू? तुझी नोकरी घालवू?"

"आणि मेमध्ये?"

"मेमध्ये वाट नाही बघितली."

म्हाताऱ्याला वाटलं ती रागावली, म्हणून तो स्वतःच पुढे समजूत घालायला लागला. तूच नाही का म्हणाली होतीस, उजेड थकून येतो, वाटेत त्याला हात द्यावा लागतो. खिंडीत थंडी असते, उशीर होत असेल, मीही थोडा हात दिला. कचेरीला फोन केला की ते म्हणायचे पोच आली, अगदी स्वच्छ. मग बिघडलं कुठे? बापाने लेकीचं झाकलं, त्यात काय आभाळ कोसळलं?

आभाळच कोसळलं होतं, पण ते त्याला दिसत नव्हतं. नेलिदाला आता सगळं दिसायला लागलं. तिच्या चुकीमुळे कचेरीला खोटी पोच मिळत होती. बापाच्या मायेमुळे गावाला खोटा कोंबडा मिळत होता. दोन्ही टोकांना सगळं छान. मध्ये काहीच नव्हतं. सात हजार माणसं रोज रात्री कशाच्या भरवशावर झोपत होती?

आणि जानेवारी! तीन राजांच्या सणाच्या आठवड्यात तळं दोन मीटर चढलं होतं. खालच्या आळीतले लोक घाबरले. सेनाइदाने गाद्या गुंडाळल्या, कोंबड्या टोपलीत घातल्या, चार पोरांना अंगावर स्वेटर चढवून ती दारात उभी होती. तिने नेलिदाला फोन केला, जाऊ का टेकडीवर म्हणून. आणि नेलिदाने काय सांगितलं? "कशाला जातेस? पाणी येणार असेल तर सायरन वाजेल. लाइन माझ्या हातातली आहे, झोप बिनघोर." दोन सेवेरोही तिच्या घरी जाऊन तेच सांगून आले. सेनाइदाने गाद्या सोडल्या. तळं दोन दिवसांनी उतरलं. ते उतरलं म्हणून. नाहीतर?

आपल्या तोंडाने आपण त्या बाईला नदीकाठी झोपवलं, या विचाराने तिला स्वतःची किळस आली.

अशा वेळी माणसाने सगळं सांगून मोकळं व्हावं. पण माणूस तसं करत नाही. नेलिदाने बापाला झापलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला, आता बटणाकडे बघायचंही नाही, आज बारा वाजता मला खरा सायरन ऐकायचाय, फोन चालू ठेवा आणि हात खिशात घाला. वायरीचं एक अक्षर बोलली नाही. म्हातारा म्हणाला, बरं बाई, तू म्हणशील तसं. आवाज मात्र पडला होता त्याचा. लेकीचा असा सूर त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

साडेदहा वाजले होते. तिने पिवळी वायर उपटली. गावाचे दोन तंतू, एक पाठवायचा आणि एक घ्यायचा, कपाटाच्या कोपऱ्यात लोंबत होते, टोपण न लावलेले, अकरा महिने खिंडीची धूळ खात. तिने ते स्पिरिटने पुसले, भिंगातून बघितले, पुन्हा पुसले. इतक्या उंचीवर तसाही श्वास पुरत नाही, त्यात हुंदके आवरायचे, म्हणजे काय हाल झाले असतील बघा. अकराच्या सुमारास तिने तंतू कार्डाला जोडले. दिवा नारिंगी लागला. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. साडेअकराला दिवा हिरवा झाला.

पण हिरव्या दिव्यावर आता तिचा कुठे विश्वास होता? हिरवाच तर होता तो अकरा महिने. शिवाय तो सांगतो ते एवढंच, की गावाकडून येणारा उजेड इथपर्यंत आला. इथून गेलेला तिथे पोचला का, हे इथे बसून कळत नाही. ते कळणार बारा वाजता, कानांनी.

तिने मोबाइल मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसली. फोनमधून चौकाचा गलका येत होता: भांडी, पोरं, कुणीतरी गिटार जुळवत होतं. बापाचा श्वास ऐकू येत होता. ती त्याला म्हणाली, हात? तो म्हणाला, खिशात. बारा वाजायला दोन मिनिटं कमी. एक मिनिट कमी. बारा. काहीच नाही. अर्धं मिनिट गेलं.

आणि सायरन वाजला.

दहा सेकंद, खणखणीत, कानठळ्या बसवणारा. नेलिदा खाली जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. मग हसली. मग पुन्हा रडली. चौकात टाळ्या वाजल्या, शाळेची पोरं ओरडली. देवाने वाचवलं, ती म्हणाली. आई गं, वाचवलंस. म्हाताऱ्याला तिने सांगितलं की पापा, ऐकलं मी, जेवा आता. तो हं म्हणाला. फोन मात्र चालूच राहिला.

आणि इथे मी तिची बाजू घेणार नाही. जीव भांड्यात पडल्याबरोबर तिच्या मनात जे आलं ते असं: झालं ना आता नीट? मग कुणाला सांगायची काय गरज? कचेरीच्या कागदावर अकरा महिने स्वच्छ आहेत, गावाने अकरा वेळा कोंबडा ऐकलाय, कुणाचं वाईट झालेलं नाही. तिने वायरीवरचं चिटोरं सोललं, वायर गुंडाळली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने भाजलेल्या मक्याची पुरचुंडीसुद्धा सोडली.

बारा वाजून सात मिनिटांनी भिंतीवरचा फोन वाजला. इंजिनिअर लारेआ.

"नेलिदाबाई, माफ करा. मंत्रालयाच्या माणसाने फोनवर धरून ठेवलं होतं, आत्ता सोडलं. तुमच्याकडे लोक जेवायचे खोळंबले असतील ना?"

"कशाचे खोळंबले?"

"अहो, चाचणीचे. बाराचा हुकूम मी अजून पाठवलेलाच नाही. आता पाठवतोय."

मक्याचे दाणे नेलिदाच्या हातातून सांडले, ते केबिनभर उडत गेले. तिला ते दिसले, पण ती हलली नाही. लारेआ तिकडे आकडे मोजत होते: तीन, दोन, एक, गेला. नेलिदाने मोबाइल कानाला घट्ट दाबून धरला. चौकात गिटार वाजत होतं. वाट्यांवर चमचे वाजत होते. बाकी काही नाही.

"हे काय?" लारेआंचा आवाज बदलला. "पोच आली नाही. सहा नंबरची पोच आली नाही. असं कधी झालं नव्हतं. थांबा, परत पाठवतो." त्यांनी परत पाठवला. पुन्हा आली नाही. पाठवायच्या तंतूच्या टोकाला ओरखडा होता, हे संध्याकाळी कळलं. पण ते पुढचं.

"पापा," नेलिदा मोबाइलमध्ये म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुमचा हात कुठे होता?"

"अर्धं मिनिट थांबलो होतो," म्हातारा म्हणाला. "तू इतकी घाबरलेली होतीस पोरी. तुझा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आज वाजला नाही तर तुला काढूनच टाकतील. हात आपोआप गेला."

मग नेलिदाने सांगितलं. सगळं, काही न राखता. वायर, चौदा मार्च, धागा, गारा. कोंबडा उशिरा येत नव्हता पापा, येतच नव्हता. एकदाही आला नाही. तुम्ही दाबत होतात आणि मी इकडे हिरवा दिवा बघत होते. या अकरा महिन्यांत कधी बांध फुटला असता तर किनाऱ्यावर त्यांना पोच मिळाली असती आणि तुम्ही सगळे जेवत बसला असता.

पलीकडून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. तिचा बाप रडत नसे. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. तिने त्याला असं कधी ऐकलं नव्हतं आणि तिला ते सोसेना.

"अकरा वेळा," तो म्हणाला. "मी माझ्या हाताने अकरा वेळा. नेली, मी तिच्यासाठी बसलो होतो इथे. तुझ्या आईसाठी."

भिंतीवरच्या फोनमधून लारेआ नेलिदाबाई, नेलिदाबाई करत होते. तिने तो उचलला आणि तेच पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. लारेआंना आधी कळेचना. शेवटी कळलं. मग ते अगदी हळू म्हणाले की बाई, जपून बोला, हे सगळं टेपवर जातंय.

"म्हणूनच बोलतेय, साहेब," ती म्हणाली. "वायर मी लावली आणि मी विसरले. याकुपाम्पाला सायरन नाही. तळं किती आहे ते आधी बघा."

तळं काठोकाठ होतं. बांधाला धक्का नव्हता, पण फेब्रुवारीतलं तळं, त्याचा काय भरवसा. लारेआंनी सांगितलं की ते आता पडद्यासमोरून उठणार नाहीत.

मोबाइलमध्ये पावलं वाजली. पायऱ्या, दार, मग चौकाचा मोठा गलका. म्हाताऱ्याने फोन तसाच खिशात टाकला होता. पापा, थांबा, मी येते, मी सांगते, असं नेलिदा ओरडली, पण खिशातल्या फोनचं कोण ऐकणार.

"या, दोन सेवेरो!" कुणीतरी हसत म्हणालं. "आज कोंबडा अगदी घड्याळात."

"तो मी होतो," म्हातारा म्हणाला.

हशा पिकला. त्याला चिचा, म्हणजे मक्याची दारू, जास्त झाली का, असं एका बाईने विचारलं. तो तसाच उभा राहिला असावा, कारण हसणं हळूहळू विरलं, आणि मग गिटारही थांबलं.

"मी बटण दाबलं. मागच्या महिन्यातही मीच, त्याच्या मागच्याही. लाइनवरून मार्चपासून काही आलेलं नाही. आपल्याला सायरन नाही. तुम्हाला वाटलं तो आहे, कारण मी वाजवत होतो."

मग अगदी जवळून सेनाइदाचा आवाज आला. ओरडून नाही, नेहमीसारखाच.

"आणि राजांच्या सणाला? मी गाद्या बांधल्या होत्या तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता."

नेलिदाला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण तिला एक चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मग बाकं सरकली. सेनाइदा आपल्या चारी पोरांना नावाने हाका मारायला लागली, एकेकाला, आणि धाकटीला, म्हणजे नेलिदाच्या धर्मकन्येला, चपला घाल म्हणाली. दारं उघडली, दारं लागली. कुत्री भुंकायला लागली. पाणी येत नव्हतं, ऊन पडलं होतं, दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि खालची आळी जेवण टाकून दफनभूमीच्या टेकडीकडे निघाली होती. बापाशी कुणी एक शब्द बोललं नाही.

बऱ्याच वेळाने फोन खिशातून बाहेर आला. आवाजावरून कळत होतं की तो पुन्हा माळ्यावर गेलाय.

"सगळे गेले," तो म्हणाला.

"तुम्हीही जा, पापा. जा ना टेकडीवर."

"बटणापाशी कुणीतरी हवं. तुझ्या साहेबांना माझा नंबर दे. तळं हललं की सरळ मला फोन करा म्हणावं."

ती नको म्हणाली, हात जोडले, रडली. त्याने ऐकलं नाही. शेवटी तिने विचारलं ते तिला विचारायचं नव्हतं, पण आलं तोंडातून: "आणि तुम्ही दाबलंत, तर लोकांना आता ते खरं वाटेल का?"

"ते मला माहीत नाही, पोरी," दोन सेवेरो म्हणाले. "तू लाइन दुरुस्त कर."